अ‍ॅपमधल्या इमेज न अडखळता कशा दाखवाव्यात

यादी वर सरकवावी तर ती बोटाखाली क्षणभर थबकते आणि मग एकदम उडी मारते. मजकूर वाचायला सुरुवात करावी तर मध्येच एखादा फोटो येऊन टपकतो आणि वाचत असलेली ओळ खाली ढकलली जाते. कधी एकाच्या नावापुढे दुसऱ्याचाच चेहरा अर्धा सेकंद दिसतो आणि मग बदलतो. अ‍ॅप वापरणारा या तिन्ही गोष्टींना एकच नाव देतो, "अ‍ॅप स्लो आहे." आपल्यासाठी मात्र ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

पहिला संशय नेहमी नेटवर्कवर जातो. नेटवर्क मंद असेल तर इमेज उशिरा येईल, पण तेवढ्यानं स्क्रोल अडकत नाही. स्क्रोल अडकतो तो फोनच्या आत, आलेली फाइल उलगडताना. म्हणून लायब्ररी (तयार कोडचा संच) कोणती घ्यायची, लोडिंगचं चक्र कसं फिरवायचं या प्रश्नांआधी एक साधा गुणाकार करायला हवा.

आधी पिक्सेलांचा हिशेब

जेपेग फाइल ३०० केबीची असली तरी पडद्यावर ती फाइल दिसत नसते. ती डीकोड करून, म्हणजे उलगडून, प्रत्येक पिक्सेलचा रंग मेमरीत मांडावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत एका पिक्सेलला ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी एक. म्हणजे लागणारी मेमरी ही रुंदी गुणिले उंची गुणिले ४. फाइल किती केबीची आहे, याला या गणितात कुठंच जागा नाही.

फोनच्या कॅमेऱ्यातला १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या, ४००० × ३०००. उलगडल्यावर तो ४ कोटी ८० लाख बाइट घेतो, म्हणजे साधारण ४६ एमबी. आता तो जिथं दिसणार आहे ती चौकट बघा. यादीतलं थंबनेल (छोटं चित्र) ८० डीपीचं (पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेलं माप) आहे आणि पडद्याची घनता ३ पट आहे, तर प्रत्यक्षात लागतात २४० × २४० पिक्सेल, म्हणजे २,३०,४०० बाइट. दोन आकड्यांत दोनशे पटींहून जास्त फरक आहे. पडद्यावर एका वेळी आठ ओळी दिसत असतील, तर एका बाजूला दोन एमबीही नाहीत आणि दुसऱ्या बाजूला ३६० एमबीच्या वर.

एकदा अशीच एक यादी माझ्याकडे तपासायला आली होती. टीमनं फोटोंची क्वालिटी उतरवून फाइली दोन एमबीवरून चारशे केबीवर आणल्या होत्या, तरी अ‍ॅप जुन्या फोनवर मेमरी संपून बंद पडत होतं. क्वालिटी कमी झाली होती, पिक्सेल तितकेच होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. फोटोची रुंदी चौकटीएवढी केली आणि तक्रारी थांबल्या. बाकी काहीही बदललं नव्हतं.

दुसरा आकडा वेळेचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा रंगवायला, १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि १२० हर्ट्झवर ८.३३. एवढ्या वेळात ओळीची मांडणी, मजकूर आणि सगळं रेखाटन उरकायचं असतं. त्यात मेन थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवण्याचं काम ज्या रांगेत चालतं तिथंच, मोठा फोटो डीकोड करायला घेतला, तर तो एकटाच कित्येक फ्रेम खाऊन टाकतो. बोटाखाली जाणवणारी ती थबक हीच.

पायरी १: फोटो येण्याआधी त्याची जागा राखून ठेवा

मजकूर खाली ढकलला जाण्याचं कारण एकच असतं. फोटोची उंची अ‍ॅपला तो आल्यावरच कळते. ती आधी कळायला हवी. सर्व्हरनं यादीबरोबर प्रत्येक इमेजचा यूआरएल पाठवताना तिची रुंदी आणि उंचीही पाठवावी. अ‍ॅपनं त्यांचं गुणोत्तर काढून चौकट तेवढीच आखावी. मग फोटो दोन सेकंदांनी आला काय किंवा आलाच नाही काय, बाकीची मांडणी हलत नाही.

ही मापं प्रत्येक विनंतीला फाइल उघडून काढू नका. अपलोडच्या वेळी एकदाच मोजून डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. मोजताना एक्झिफमधल्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतल्या) दिशेकडे लक्ष द्या. उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवा साठवलेला असतो आणि "फिरवून दाखवा" एवढीच खूण सोबत असते. ती खूण वाचली नाही तर रुंदी-उंचीची अदलाबदल होते. सगळ्यांत बरं म्हणजे अपलोडलाच फोटो सरळ करून साठवणं.

पायरी २: सर्व्हरकडून लागेल तेवढंच मागा

चौकटीची डीपीतली रुंदी गुणिले पडद्याची घनता, एवढी इमेज मागायची. मात्र नेमकी तेवढीच मागू नका. एका फोनला २३७ पिक्सेल लागतील, दुसऱ्याला २४०, तिसऱ्याला २५२. प्रत्येकासाठी वेगळी फाइल बनू लागली तर सर्व्हरची आणि सीडीएनची (वापरणाऱ्याजवळच्या सर्व्हरवरून फाइली देणारं जाळं) कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रती, निरुपयोगी होते, कारण आधी बनवलेली फाइल पुन्हा कुणाच्याच कामी येत नाही. ठरावीक रुंद्या बांधून घ्या, उदाहरणार्थ १६०, ३२०, ६४०, १०८०, आणि गरजेच्या लगेच वरची मागा. थोडे पिक्सेल जास्त येतात, पण तीच फाइल असंख्य फोनना मिळते.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. फोटोसाठी पीएनजी वापरू नका. तो आरेखनं, लोगो आणि स्क्रीनशॉटसाठी. वेबपी आता जवळपास सगळीकडे चालतो: अँड्रॉइडवर जुन्या आवृत्त्यांपासून आणि आयओएसवर १४ पासून. एव्हीआयएफ आणखी आटोपशीर फाइली देतो, पण त्यासाठी अँड्रॉइड १२ किंवा आयओएस १६ लागतं. म्हणून फोन काय वाचू शकतो हे सर्व्हरला कळवून त्याप्रमाणे फाइल घ्यावी. फॉरमॅट बदलल्यानं डाउनलोड हलकं होतं, डीकोडनंतरची मेमरी नाही. वरचा गुणाकार इथंही तसाच लागू आहे.

पायरी ३: डीकोड करताना मापातच करा

सर्व्हर तुमच्या हाती नसेल तर ही पायरी तुमचा आधार आहे आणि असेल तरीही ती सोडू नका. गॅलरीतून निवडलेला फोटो कुठल्याच सर्व्हरवरून येत नाही.

अँड्रॉइडवर हे हातानं कसं होतं ते एकदा बघून ठेवा. बिटमॅपफॅक्टरीच्या पर्यायांमध्ये "इनजस्टडीकोडबाउंड्स" चालू केलं की पिक्सेल न उलगडता फक्त मापं मिळतात, समजा ४००० × ३०००. मग "इनसॅम्पलसाइज" ठरवायचं. ते दोनाच्या घातात चालतं: २, ४, ८, १६. आपल्याला २४० × २४० हवेत. १६ नं भागलं तर २५० × १८७ मिळतात; उंची कमी पडली, फोटो ताणून भुरकट दिसेल. ८ नं भागलं तर ५०० × ३७५. हेच घ्यायचं. मेमरी साडेसात लाख बाइट, म्हणजे ४६ एमबीऐवजी पाऊण एमबीसुद्धा नाही.

ग्लाइड आणि कॉइल या अँड्रॉइडच्या इमेज लायब्ररी ही कामं स्वतः करतात आणि मेन थ्रेडच्या बाहेर करतात. पण त्यांना चौकटीचं माप कळलं तरच, आणि घोडं इथंच पेंड खातं. ग्लाइडला रुंदी-उंची "रॅप कंटेंट" (आतल्या चित्राएवढी) दिलीत तर तो पूर्ण पडद्याएवढी इमेज तयार करतो. मापं ठाम द्या. कंपोजमध्ये (अँड्रॉइडवर पडदे बांधण्याची एक पद्धत) कॉइल वापरताना "असिंकइमेज" हा घटक घ्या. "रिमेंबरअसिंकइमेजपेंटर"ला पडद्यावरचं माप आपोआप कळत नाही, तुम्ही सांगितलं नाहीत तर तो मूळ मापातच लोड करतो. यादी छान दिसते, मेमरी मात्र गुपचूप भरत राहते.

आयओएसवर फसगत वेगळ्या ठिकाणी होते. डेटापासून यूआयइमेज बनवली तरी तिचं डीकोडिंग लगेच होत नाही. ती पडद्यावर यायच्या क्षणाला होतं, आणि तेही मेन थ्रेडवर. त्यामुळे "डाउनलोड तर बॅकग्राउंडला केलं, मग स्क्रोल का अडकतो?" असा प्रश्न पडतो. इमेज व्ह्यू लहान केल्यानंही काही फरक पडत नाही. आधी पूर्ण फोटो उलगडतो, मग लहान करून दाखवला जातो. आयओएस १५ पासून "प्रिपेअरिंगथंबनेल" ही सोय आहे. हवं ते माप देऊन ती बॅकग्राउंडला चालवा आणि तयार इमेज मेन थ्रेडवर आणा. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी इमेजआयओमधून कमाल पिक्सेल-माप देऊन थंबनेल काढता येतं. किंगफिशर, न्यूक, एसडीवेबइमेज या तिन्ही लायब्ररींत मापात डीकोड करण्याची सोय आहे, फक्त बरेचदा ती मागावी लागते. आयओएसच्या स्विफ्टयूआयमधला "असिंकइमेज" एखाद-दुसऱ्या चित्राला ठीक आहे. लांब यादीसाठी मी तो वापरत नाही, कारण मापात डीकोड करणं आणि मेमरीतली कॅश यांवर त्यात आपला ताबा नसतो.

फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींसाठी अ‍ॅप बनवण्याचं साधन) डीकोडची रुंदी ठरवणारी "कॅशविड्थ" द्या. ती खऱ्या पिक्सेलांत असते, म्हणून चौकटीच्या रुंदीला डिव्हाइस पिक्सेल रेशोनं गुणायला विसरू नका, नाहीतर फोटो धूसर येतो. "कॅशविड्थ" आणि "कॅशहाइट" दोन्ही दिलंत आणि त्यांचं गुणोत्तर मूळ फोटोशी जुळलं नाही, तर चेहरे दबलेले दिसतात; एकच द्या. याच फ्लटरमध्ये "डीबगइन्व्हर्टओव्हरसाइझ्डइमेजेस" नावाची एक अतिशय उपयोगी खूण आहे. ती चालू केली की गरजेपेक्षा मोठ्या डीकोड झालेल्या इमेज उलट्या आणि उलट्या रंगांत दिसतात. अ‍ॅपभर एक फेरी मारा, दोषी जागा स्वतःच समोर येतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या तशाच साधनाच्या अँड्रॉइड बाजूला "रिसाइझमेथड" "रिसाइझ"वर ठेवलं की मोठी इमेज आधी लहान करून उलगडली जाते.

पायरी ४: चुकीचा चेहरा का दिसतो

लांब यादीत हजार ओळी असल्या तरी व्ह्यू (ओळ दाखवणारे पडद्यावरचे घटक) हजार नसतात. पडद्यावर मावतील तेवढे आणि थोडे वरचे, एवढेच बनतात. वरून निघून गेलेली ओळ खाली नव्या माहितीसह पुन्हा वापरली जाते. आता क्रम बघा. तिसऱ्या ओळीनं फोटो मागवला. तो यायच्या आत ती ओळ वर निघून गेली आणि तोच व्ह्यू पंधराव्या ओळीला मिळाला. पंधराव्यानं आपला फोटो मागवला. तेवढ्यात तिसऱ्याचा जुना फोटो आला आणि त्या व्ह्यूत बसला. पंधराव्याचा आला की बदलेल, पण तोपर्यंत चूक दिसून गेलेली असते. खातं किंवा संदेश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे केवळ दिसायला वाईट नाही. माणूस चुकीच्या व्यक्तीला संदेश पाठवू शकतो.

उपाय तीन भागांत आहे. व्ह्यू नव्या ओळीला जोडताना जुनी विनंती रद्द करा, जुनं चित्र लगेच पुसून प्लेसहोल्डर (तात्पुरतं चित्र) लावा, आणि उत्तर आल्यावर "हा व्ह्यू अजून याच यूआरएलची वाट बघतोय ना?" हे तपासूनच चित्र बसवा. लायब्ररी हे करते, पण एक फट ती भरू शकत नाही. कोडमध्ये पुष्कळदा असं लिहिलेलं असतं की फोटो असेल तर लोड करा, आणि नसेल तर काय करायचं ते लिहिलेलंच नसतं. ज्याचा फोटोच नाही त्या ओळीत मग आधीच्या कुणाचा तरी फोटो कायमचा राहतो. "नसेल तर" या फांदीत लायब्ररीचं "क्लिअर" बोलवा आणि साधं चिन्ह लावा.

पायरी ५: कॅश, आणि तिची चावी

कॅश दोन थरांची. मेमरीतल्या थरात उलगडलेल्या इमेज असतात, क्षणात मिळतात, पण जागा महाग. डिस्कवरच्या थरात फाइली असतात, अ‍ॅप बंद केलं तरी टिकतात, पण वाचायला आणि डीकोड करायला वेळ लागतो. मर्यादा संपली की सगळ्यांत जास्त काळ न वापरलेली इमेज आधी काढायची. ग्लाइडची डिस्क कॅश मुळात २५० एमबीची आहे. कॉइल उपलब्ध डिस्कच्या २ टक्के घेतो, पण १० एमबीहून कमी नाही आणि २५० एमबीहून जास्त नाही. फ्लटरची मेमरीतली कॅश १,००० इमेज किंवा १०० एमबी, जे आधी भरेल तिथं थांबते. ही मूळ मूल्यं बहुतेकांना पुरतात. कॅश वाढवायचा मोह झाला तर आधी पायरी ३ पुन्हा तपासा. इमेज मापात असतील तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतात.

सिस्टिमनं मेमरी मागितली की ती द्यावी लागते. अँड्रॉइडवर "ऑनट्रिममेमरी" ऐका. आयओएसवर साध्या डिक्शनरीऐवजी एनएसकॅश वापरा, ती दाबाखाली स्वतःहून रिकामी होते.

खरी गोम चावीत असते. कॅश इमेजला तिच्या यूआरएलवरून ओळखते. सर्व्हर सहीचे, मुदतीचे यूआरएल (शेवटी सही जोडलेले, ठरावीक वेळच चालणारे) देत असेल, तर शेवटची सही दर वेळी बदलते. फोटो तोच, चावी नवी. एका कामात यादी दर वेळी ताजी केली की सगळे फोटो नव्यानं उतरत होते आणि कॅश मात्र भरलेली दिसत होती. दोन दिवस आम्ही नेटवर्कमध्ये शोधत बसलो. शेवटी चावीतून सही वगळली, फक्त फाइलचा मार्ग आणि माप ठेवलं, आणि दुसऱ्या वेळेपासून डाउनलोड शून्यावर आलं. बहुतेक लायब्ररींत स्वतःची चावी देता येते.

उलटी चूकही होते. माणूस प्रोफाइल फोटो बदलतो, यूआरएल तोच राहतो आणि सगळ्यांना जुनाच फोटो दिसत राहतो. त्यावर कॅश पुसत बसू नका. फोटो बदलला की यूआरएलमध्ये आवृत्तीचा आकडा बदला. मग सर्व्हरनं "कॅश-कंट्रोल"मध्ये (फाइल किती काळ साठवायची ते सांगणाऱ्या सूचनेत) एक वर्षाचा "मॅक्स-एज" आणि "इम्युटेबल" निर्धास्त द्यावा, कारण त्या यूआरएलमागची फाइल कधीच बदलणार नाही.

पायरी ६: रिकामी चौकट कशी दिसावी

प्रत्येक ओळीत फिरतं चक्र लावू नका. एकाच पडद्यावर आठ चक्रं फिरू लागली की अ‍ॅप आहे त्याहून मंद भासतं, आणि ती ॲनिमेशनंही फ्रेमचा वेळ घेतात. साधा फिकट रंग पुष्कळदा पुरतो. त्याहून छान म्हणजे फोटोचाच सरासरी रंग. ब्लरहॅश वापरलात तर वीस-तीस अक्षरांच्या एका मजकुरातून फोटोची धूसर छटा तयार होते. तो मजकूर यादीच्या उत्तरातच येतो, वेगळी विनंती लागत नाही. मात्र ही छटा अगदी लहान, ३२ पिक्सेल रुंदीची बनवून ताणून घ्या. पूर्ण मापात बनवलीत तर वाचवलेला वेळ तिथंच जाईल.

फोटो आला की १५० ते २०० मिलिसेकंदांत हळूच उमटू द्या. मेमरीतून आलेल्या फोटोला हे करू नका. वर-खाली स्क्रोल करताना आधी पाहिलेले फोटो पुन्हा पुन्हा उमटत राहिले तर डोळ्यांना लुकलुक होते. फोटो मिळालाच नाही तर चौकट वाट पाहणाऱ्या चौकटीपेक्षा वेगळी दिसावी आणि टॅप केल्यावर पुन्हा प्रयत्न व्हावा. आपोआप प्रयत्न करायचे असतील तर दर वेळी अंतर दुप्पट करा, आणि सर्व्हरनं "फाइल नाही" असं स्पष्ट सांगितलं असेल तर थांबा.

पायरी ७: पुढचं आधी आणणं

एक-दोन पडद्यांएवढं पुढचं आणून ठेवलं तर स्क्रोल करणाऱ्याला रिकामी चौकट क्वचितच दिसते. त्यासाठी आयओएसच्या कलेक्शन व्ह्यूत प्रीफेचिंगची सोय आहे, फ्लटरमध्ये "प्रीकॅशइमेज" आहे. पण आवरतं घ्या. अँड्रॉइडवर नेटवर्कचं काम करणारी ओकेएचटीटीपी ही लायब्ररी एका होस्टला (सर्व्हरला) एका वेळी मुळात पाचच विनंत्या जाऊ देते. तुम्ही पुढचे चाळीस फोटो रांगेत लावलेत, तर समोर दिसणारा फोटो त्यांच्या मागे उभा राहतो. दिसणाऱ्याला नेहमी अग्रक्रम, आणि दिशा बदलली की जुन्या विनंत्या रद्द. फोनवर डेटा सेव्हर किंवा लो डेटा मोड चालू असेल तर हे सगळं बंद ठेवा. पैसे वापरणाऱ्याचे जातात.

फोटो टॅप करून पूर्ण पडद्यावर उघडताना थंबनेल आधीच मेमरीत असतं. तेच ताणून लगेच दाखवा आणि मोठा फोटो मागून येऊ द्या. नकाशे किंवा कागदपत्रांसारखी खूप मोठी चित्रं असतील तर पूर्ण डीकोड न करता दिसणारा भागच तुकड्यांत उलगडा. अँड्रॉइडवर बिटमॅपरीजनडीकोडर हेच करतो.

याच ठिकाणी स्क्रीन रीडरसाठी चित्राचं वर्णनही भरून टाका. केवळ सजावटीचं चित्र असेल तर ते वाचलं जाऊ नये असं नोंदवा.

पायरी ८: मोजा

डीबग बिल्डवर (चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीवर) मोजू नका, तो नेहमीच अडखळतो. रिलीज बिल्ड घ्या, फ्लटर असेल तर प्रोफाइल मोड. फोन हाताशी असलेल्यांपैकी सगळ्यांत हलका घ्या, कारण महागड्या फोनवर मेन थ्रेडचे दोष झाकले जातात. अँड्रॉइडवर परफेटो आणि आयओएसवर इन्स्ट्रुमेंट्स ही दोन्ही मोजणीची साधनं दाखवतात की कुठली फ्रेम लांबली आणि त्या वेळी काय चालू होतं. तिथं डीकोडिंग मेन थ्रेडवर दिसलं तर पायरी ३ कडे परत जा.

मग तीन फेऱ्या करा. पहिली, अ‍ॅपचा डेटा पुसून आणि नेटवर्क मुद्दाम मंद करून: चौकटी जागच्या जागी राहतात का आणि मजकूर ढकलला जात नाही ना, ते बघा. दुसरी, यादी दोन मिनिटं सतत वर-खाली करा: मेमरीचा आलेख चढून एका पातळीवर स्थिरावला पाहिजे. तो चढतच राहिला तर कुठं तरी इमेज धरून ठेवली जातेय. तिसरी, यादी एकदा पूर्ण बघून झाल्यावर अ‍ॅप बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि अ‍ॅप पुन्हा उघडा. यादीचा मजकूर तुम्ही साठवत असाल तर पाहिलेले सगळे फोटो डिस्कवरून लगेच यायला हवेत. एखादीच चौकट रिकामी राहिली, तर त्या इमेजचा यूआरएल दोन्ही वेळचा शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा.